सुभेदार लोंबकळतोय

माझी पुस्तकं खपतात. हे सांगताना मी खाली मान घालत नाही, आणि का घालावी हेही मला कळत नाही. सातारच्या एस.टी. स्टँडवर एक स्टॉलवाला आहे. माझं नवं पुस्तक आलं की तो राशिभविष्याची मासिकं खाली सरकवतो आणि पुस्तक वर टांगतो. एकदा सांगलीच्या गाडीत माझ्या शेजारी बसलेला माणूस माझीच कादंबरी वाचत होता. वाचता वाचता त्याचं उतरायचं गाव मागं गेलं. मला ते दिसत होतं, कारण त्यानं तिकीट काढताना गावाचं नाव घेतलेलं मी ऐकलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. प्रकरण संपायला दोन पानं राहिली होती, आणि ती वाचून झाल्यावर त्यानं जे इकडंतिकडं बघितलं, ते बघून मला आठवडाभर छान झोप लागली.

एका परिसंवादात एका प्राध्यापकांनी माझ्या तोंडावर 'रंजनप्रधान' हा शब्द वापरला. मी विचारलं, "सर, तुमचं पुस्तक वाचताना कधी कुणाचा स्टॉप चुकलाय का?" ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. माझं काही अडलेलं नाही.

मुखपृष्ठावर माझी नुसती आद्याक्षरं आणि आडनाव असतं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक म्हणाले होते, बाई साहसकथा लिहिते म्हटल्यावर लोक बिचकतील. पुढं लोक बिचकायचे थांबले, पण आद्याक्षरं तशीच राहिली. सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात एकदा भरघोस मिशीचा निवृत्त फौजी सही घ्यायला आला. मी पेनचं टोपण काढलं. तो म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या ताई, साहेब आले की घेतो." मी म्हटलं, "साहेब साताऱ्यात घरी कुकर लावतायत. यायला उशीर लागंल. आणा हिकडं."

माझ्या सगळ्या कादंबऱ्यांचा नायक एकच. त्याला मी नाव दिलेलं नाही, सगळे त्याला सुभेदार म्हणतात. तो बर्फात हरवतो, वाळवंटात वाट काढतो, तस्करांच्या होडीतून उडी टाकतो. कुंडलमधल्या माझ्या माहेरच्या लोकांची ठाम समजूत आहे की सुभेदार म्हणजे माझे वडील. मी कितीदा सांगितलं की तसं नाही. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, सुभेदार नव्हेत, आणि त्यांना उंचीची इतकी भीती वाटते की नारळाच्या झाडाकडं वर बघितलं तरी ते पाय रोवून उभे राहतात. पण गाव ऐकत नाही. खरं सांगायचं तर सुभेदाराची कान खाजवायची सवय आबांची आहे. आणि गोष्ट कुठं थांबवायची ती विद्याही त्यांचीच.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आमच्या घरात एक पद्धत होती. गावात अशी पलटणीतली घरं पुष्कळ, प्रत्येकाची काही ना काही रीत. कुणी निघताना हातावर दही घ्यायचं, कुणी उंबऱ्यावरून मागं बघायचं नाही. आबांची रीत अशी की रजेवर आले की घरातलं एक काम काढायचे आणि रजा संपायच्या आत ते मुद्दाम अर्धं ठेवायचे. दाराला एका बाजूनं रंग द्यायचा, दुसरी बाजू तशीच. फडताळाला दोन फळ्या ठोकायच्या, तिसरी भिंतीला टेकवून ठेवायची. मग आईला म्हणायचे, "ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. काम अर्धं ऱ्हायलं की मला यावंच लागतंय." आई त्या अर्ध्या कामांची डोळ्यात तेल घालून राखण करायची. लढाईच्या वर्षी ते गोठ्याची भिंत कमरेएवढी रचून गेले. मी तेव्हा रांगत होते, हे आईनंच पुढं सांगितलेलं. माझे आजोबा म्हणाले, भिंत मी पुरी करतो, म्हैस भिजतीय. आई सासऱ्यांसमोर कधी तोंड वर न करणारी बाई, पण भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्या वर्षी आमची म्हैस शेजाऱ्यांच्या गोठ्यात राहिली. आबा आले आणि त्यांनी भिंत पुरी केली.

मी थोडी मोठी झाले तेव्हा कळलं की माझ्यासाठीही एक काम अर्धं ठेवलं जातं. रजेत ते मला गोष्ट सांगायचे. बर्फातली वाट, एक शिपाई, एक खेचर, पाठीवर दारूगोळ्याच्या पेट्या. जायच्या आदल्या संध्याकाळी खेचराचा पाय घसरायचा, दोर ताणला जायचा, शिपाई ओढला जायचा आणि आबा उठून बूट पॉलिश करायला बसायचे. "फुडं काय झालं?" "आल्यावर." त्यानंतर एक अख्खं वर्ष तो शिपाई माझ्या डोक्यात दोर धरून असायचा. शाळेत मैत्रिणींना मी ती गोष्ट सांगायचे आणि रोज वेगळा शेवट करायचे. कधी खेचर वाचायचं, कधी दोघंही. कादंबरी लिहायला मी तिथं शिकले, कुठल्या शिबिरात नाही.

आबा निवृत्त होऊन आले त्या महिन्यात त्यांनी घरातली उरलेली सगळी अर्धी कामं पुरी केली. शेवटची फळी ठोकली तेव्हा आई चुलीपुढं बसून रडली. मला आधी वाटलं काही वाईट झालं. मग समजलं की आता हा माणूस जायचा नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आबा आता ऐंशीला टेकलेत. धाकटा भाऊ शिरवळला कारखान्यात आहे, शनिवारी येतो. कुंडलचं घर, ऊस आणि आबा हे सगळं माझी भावजय सांभाळते. ती लोणंदची, कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्याकडं फौजेत कुणी नाही. तिच्या माहेरचा पुरुष सकाळी बाजारात गेला की दिवेलागणीला घरात. बाई मोठी हिमतीची. ऊसतोडीच्या मुकादमाला ती बांधावर उभी राहून असं बोलते की मी माझ्या एका पुस्तकातल्या खलनायकाला तिचीच वाक्यं दिलीत. सासऱ्यांना ती मामा म्हणते आणि मला वन्सं.

दर रविवारी मी साताऱ्याहून कुंडलला जाते आणि आठवड्यात लिहिलेलं आबांना वाचून दाखवते. ही माझी काम करायची पद्धत आहे, आणि प्रकाशकाच्या संपादकापेक्षा ती बरी चालते. आबा घराच्या पुढच्या सोप्यात पाय पसरून बसतात, डोळे मिटतात. गोष्ट रंगली की कान खाजवतात. कंटाळा आला की म्हशीला हाक मारतात. "सरक गं तिकडं," असं म्हणतात, गोठ्याच्या दिशेनं. म्हैस विकून कितीतरी वर्षं झाली. गोठ्यात आता भावजयीची स्कूटर असते. पण आबांच्या तोंडून "सरक गं" निघालं की मी ते पान तिथंच फाडते. आजवर एकदाही पस्तावले नाही. 'तुमच्या कादंबरीत एकही वाक्य फालतू नसतं,' असं वाचक कळवतात, त्याचं श्रेय एका नसलेल्या म्हशीला आहे.

गेल्या वर्षी मी ठरवलं की सुभेदाराला मारायचं. थकले म्हणून नव्हे. माझ्यात अजून पुष्कळ दम आहे. पण गडी जोरात असतानाच जावा, पुढं पुढं त्याच त्या उड्या मारत राहू नये, असं मला वाटलं. प्रकाशकांना सांगितलं तर ते आधी दचकले आणि मग त्यांचा चेहरा खुलला. मालिकेचं शेवटचं पुस्तक म्हणून त्यांनी जाहिरातही करून टाकली. सुभेदार कसा जातो ते अर्थात गुलदस्त्यात. एका दरीच्या कड्यावर, दोराला लोंबकळत, खालच्या पोरासोरांच्या तुकडीला वाट मोकळी व्हावी म्हणून तो स्वतःच हात सोडतो. शेवटचं प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश होते की शेजारच्या मिठाईवाल्याकडून पेढे आणले आणि नवऱ्याला कारण सांगितलं नाही.

त्याच सुमारास आबांना दम लागायला लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की छाती उघडावी लागेल. या वयात धोका आहे, न करण्यातही आहे. भावानं मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज ठीक होता, फक्त तो सारखं "बाकी काय न्हाई" म्हणत होता. ऑपरेशनची तारीख ठरली.

दवाखान्यात जायच्या आधीच्या रविवारी मी कुंडलला गेले. सोप्यात पाय ठेवला आणि थांबले. आबांनी माळ्यावरून जुन्या बाजेचा लाकडी सांगाडा काढवून घेतला होता. पलूसहून सुंभ आणवला होता. आणि बाज विणली होती, अर्धी. डोक्याकडची बाजू झालेली, पायाकडचा सांगाडा उघडा, उरलेल्या सुंभाचं भेंडोळं बाजेच्या खुराला, एका पायाला, अडकवलेलं.

चाळीस वर्षांत आबांनी काम अर्धं ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणजे या गड्यालाही कळलं होतं की हे जाणं म्हणजे नुसतं सांगलीला जाऊन येणं नाही.

"उरल्यालं आल्यावर करतो," ते म्हणाले, मी काही विचारलं नसताना.

"करा की," मी म्हटलं. आवाज साधा ठेवायला मला जमतं. सगळं आयुष्य त्यावर काढलंय.

मग मी वाचायला बसले. पिशवीत शेवटून दुसरं प्रकरणही होतं आणि शेवटचंही. शेवटून दुसरंच वाचलं. सुभेदार कड्यावरून उतरतो, दोर खडकावर घासतो, एक एक पीळ सुटतो, आणि तो एका हातानं लोंबकळत राहतो. आबा कान खाजवत होते. म्हशीचं नाव नाही. मी शेवटची ओळ वाचली आणि कागद पिशवीत घातले.

"फुडं?" आबा म्हणाले.

"आल्यावर."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, बाजेकडं बघितलं. मिशीच्या आत काहीतरी हललं. "शिकलीस म्हनायची," ते म्हणाले.

मी आत जाऊन तोंड धुतलं. पिशवीतल्या शेवटच्या प्रकरणात सुभेदार मेलेला होता, आणि ते मला एकटीलाच ठाऊक होतं. आबा परत आले तर मला ते वाचून दाखवावं लागणार होतं. तेव्हा मी ठरवलं की तो विचार त्या वेळी करू. आधी परत येऊ देत.

सांगलीत दाखल केल्यावर साखर वाढलेली निघाली, म्हणून ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. आबांनी फर्मान सोडलं की दवाखान्याची चादर अंगाला टोचते, मला माझं पलटणीतलं कांबळं पाहिजे. भाऊ शिरवळहून यायचा होता. मी गाडी काढली आणि दुपारी कुंडलला पोचले. भावजय मागं राहिली होती, कारण त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली होती आणि टोळी एकदा परत गेली की महिनाभर फिरकत नाही.

ती मला बघून हसत बाहेर आली. "वन्सं, आधी ह्ये बघा."

बाज पुरी विणलेली होती.

नुसती विणलेली नव्हे, ताणून, घट्ट, चौकटी चौकटी सारख्या. पायाशी दोर आवळून बांधलेला. ती सांगत होती, मामा घरी आले की त्यांना सोप्यात ऊन खात पडायला बरं, आत कोंडल्यासारखं होतं त्यांना. शेजारच्या आजीला विचारून विचारून विणली. टोळीच्या चहाच्या मधल्या वेळात बसत होते. तिनं तळहात दाखवले. सुंभानं सोलून निघाले होते.

मी उंबऱ्यावरच बसले.

"काय झालं? मामा बरं हायत न्हवं?"

आता माझ्यासमोर दोन वाटा होत्या. कांबळं घ्यायचं, "छान झालीय गं" म्हणायचं आणि निघायचं. सांगायचं म्हणजे तिच्या डोक्यावर डोंगर ठेवायचा. उद्या काही बरंवाईट झालं तर ती जन्मभर बाजेकडं बघत राहील. आणि माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे का? नाही. मी एका पुस्तकात सुभेदाराकडून एका भोंदू बाबाची यथेच्छ धुलाई करवलीय. पण लढाईच्या वर्षी भिंतीला पाठ लावून उभी राहिलेली माझी आई मला त्या सोप्यात दिसत होती, आणि तिच्यासमोर मला विश्वास वगैरे शब्द उच्चारता येईनात.

मी सांगून टाकलं. सगळं. दार, फळी, भिंत, म्हैस. भावजय उभ्या उभ्या ऐकत होती. तिचा चेहरा उतरत गेला, पण ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"हे मला कुणी कधी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"सांगायची वेळच आली न्हाई. तू घरात आलीस तेव्हा ते घरीच होते."

"मग आता?"

"आता काय," मी म्हटलं. "बस समोर."

ती आत गेली. मला वाटलं, चिडली. ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली, दोन थेंब माझ्या हातावर घातले, दोन स्वतःच्या सोललेल्या तळव्यांवर, आणि बाजेच्या पलीकडं मांडी घालून बसली. आम्ही उसवायला लागलो. इतकी पक्की आवळलेली गाठ मी आयुष्यात पाहिली नाही. माझी नखं तुटली. मध्येच मुकादम दारात आला, वजनकाट्याचं काहीतरी विचारायला. दोन बायका नवी कोरी बाज उसवताना बघून तो तसाच उभा राहिला. भावजय त्याला म्हणाली, "बघतोस काय, जा. काम चाललंय." तो गेला.

नेमकं कुठवर उसवायचं ते शोधावं लागलं नाही. आबांची वीण सैल, हिची घट्ट. जिथं सैल लागली तिथं आम्ही थांबलो. उरलेल्या सुंभाचं भेंडोळं केलं आणि खुराला होतं तसं अडकवलं. मग ती म्हणाली, "वन्सं, हे उसवल्यालं चालतं न्हवं? का एकदा झालं की झालं?" मी म्हटलं, "चालतं." मला काय ठाऊक चालतं की नाही. पण मी इतक्या ठामपणे म्हटलं की माझाच त्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना आत नेलं. भाऊ माझ्या शेजारी बाकावर बसला. त्याचं लक्ष माझ्या नखांकडं गेलं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, लिहून लिहून तुझं डोस्कं फिरलंय. आणि तिलाबी सामील करून घेतलंस." मग बराच वेळ तो समोरच्या भिंतीवरचा 'शांतता राखा' बोर्ड वाचत राहिला. मग हळूच विचारलं, "सगळं उसवलं न्हवं? एकांदी गाठ तरी ऱ्हायली न्हाई?"

पुस्तकांत मी खूप माणसांना दाराबाहेर ताटकळत ठेवलंय. जीव टांगणीला लावणं हा माझा धंदा आहे आणि त्यात माझा हात धरणारं या दोन जिल्ह्यांत कुणी नाही. पण त्या बाकावर मला कळलं की माझ्या टांगणीला आणि या टांगणीला एकच शब्द वापरायला नको होता. मी घाबरले होते. साध्या शब्दांत सांगायचं तर मला माझे वडील हवे होते.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, म्हातारा चिवट आहे. भावानं त्यांचे दोन्ही हात धरले. मी भावजयीला फोन लावला. पलीकडं ऊस तोडल्याचा आवाज येत होता. तिनं ऐकलं आणि फोन न ठेवताच मुकादमावर ओरडायला लागली, तेव्हा मला कळलं की ती आता रडतेय.

आबांना खोलीत आणल्यावर ते पहिले काही तास नुसतेच पडून होते. मग डोळे उघडले, मला शोधलं. आवाज खोल गेला होता.

"सुभेदार... आजून लोंबकळतोय व्हय?"

"व्हय आबा."

"हात अवघडला आसंल त्येचा," ते म्हणाले आणि परत झोपले.

घरी आल्यावरही पुष्कळ दिवस गेले. डॉक्टरांनी हातानं जोर लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. बाज तशीच अर्धी सोप्यात होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडं न बघता ये-जा करत होतो. प्रकाशकांचे फोन येत होते. मी त्यांना सांगितलं, सुभेदाराचा हात अवघडलाय, थांबा. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मग एका रविवारी मी गेले तर आबा बाजेजवळ स्टुलावर बसले होते. सुंभाचं भेंडोळं मांडीवर घेऊन ते बोटांनी चाचपत होते.

"ह्या सुंभाला वाक पडल्यात," ते म्हणाले. "ह्यो एकदा इणून उसवलाय."

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. ती पांढरी पडली. मी तोंड उघडलं, कारण अशा वेळी पटकन एक बरीशी गोष्ट रचणं मला जमतं. पण तिनं मला बोलू दिलं नाही.

"मी इणली हुती मामा. मला ठावं नव्हतं."

"आन् उसवली कुनी?"

"आमी दोघींनी. वन्संनी आन् मी."

आबा सुंभाच्या एका वळणावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मला तुमी दोघींनी वढून आणलं. आन् मी आपला म्हनतोय, डॉक्टर लय हुशार हाय." त्यांनी तिला हातानं जवळ बोलावलं. "बस हितं. मला वढता येत न्हाई. तू वढ, मी वाट दावतो."

ती बसली. ते दोघं विणायला लागले आणि आबांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "आता फुडं काय झालं त्ये वाच."

मी पिशवीतून शेवटचं प्रकरण काढलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लेखन. मी ते वाचायला सुरुवात केली आणि चांगलंच वाचलं, आवाज कुठं हलू दिला नाही. सुभेदार खाली बघतो, पोरं दिसतात, वर बघतो, आभाळ दिसतं. तो दोरावरची बोटं एक एक करून सैल करायला लागतो.

"सरक गं तिकडं," आबा म्हणाले.

मी थांबले. भावजयीनं गोठ्याकडं बघितलं, स्कूटरकडं, आणि मग माझ्याकडं. म्हशीचा हा प्रकार तिला माहीत आहे. तिनं पटकन पदर तोंडाला लावला.

मी कागद फाडले. चार तुकडे केले आणि मांडीवर ठेवले. ज्याच्यासाठी पेढे आणले होते ते प्रकरण. हात जरासुद्धा अडखळला नाही.

"मग फुडं काय?" आबांनी विचारलं.

"ठावं न्हाई आबा," मी म्हटलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. गोष्ट थांबवताना मला पुढचं नेहमी ठाऊक असतं, तीच तर माझी ऐट.

आबांनी मान हलवली. "मला तरी कवा ठावं असायचं? त्ये खेचर घसरलं की मी थांबायचो. फुडं काय त्ये मलाबी म्हाईत नसायचं. गाडीत, पहाऱ्यावर, वर्सभर त्योच इचार. पोरीला काय सांगायचं. त्यापायी तर यायचो."

मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, पुस्तकांच्या थप्प्या मागं असलेली बाई होते. मी सोप्यात बसून हुंदके देऊन रडले. कुणी समजूत काढली नाही. ते दोघं विणत राहिले.

ऊन पायाशी आलं तेव्हा बाज होत आली होती. शेवटच्या दोन ओळी उरल्या, आणि माझ्या लक्षात आलं की आबा थांबत नाहीयेत. मला भीती वाटली. मी म्हटलं, "आबा, थोडं ठेवा की. पुन्हा कधी सांगलीला जायचं झालं तर असू दे."

"न्हाई," ते म्हणाले. "आता जायाचं झालं तर त्ये रजा संपल्याचं जाणं न्हाई. त्याच्या आत काम पुरं केल्यालं बरं. तू वढ गं." भावजयीनं ओढलं. गाठ त्यांनी स्वतः मारली, दोनदा तपासली. मग हात टेकत उठले, बाजेवर बसले, आडवे झाले आणि कांबळं छातीपर्यंत ओढून घेतलं. वीण अर्धी सैल, अर्धी घट्ट, तरी कुठं खोलगट झाली नाही.

मी आत जायला उठले. आबांनी डोळे मिटूनच मला थांबवलं.

"सुभेदाराला मातर सोडू नगंस. त्यो आजून रजेवर हाय."

पुढच्या रविवारी मी नवं प्रकरण नेलं. त्यात सुभेदार दुसरा हात वर टाकतो आणि त्याला खडकाची कपार सापडते. आबा बाजेवर पडून ऐकत होते, कान खाजवत.